टप्प्याटप्प्यांचा विमानप्रवास आणि पॉइंटांची पुंजी

आपल्याकडील मनुष्य प्रवासास निघाला म्हणजे तो केवळ एका गांवाहून दुसऱ्या गांवास जात नाहीं. काशीस जावयाचें तर वाटेंत प्रयाग आलेंच. रामेश्वरास जावयाचें तर मदुराई सोडवत नाहीं. आणि नागपुरास लग्न असलें तर भुसावळच्या आत्याबाईंकडे एक रात्र उतरल्यावांचून पुढें जाणें शोभत नाहीं. ही आपली हौस रेल्वेनेंहि ओळखली आहे आणि तिच्यासाठीं चक्री प्रवासाचें तिकीट ठेविलें आहे. ज्या स्टेशनावरून निघालों त्याच स्टेशनावर परत यावयाचें आणि मध्यें जास्तींत जास्त आठ ठिकाणीं उतरावयाचें, असें हें तिकीट. तुकड्यातुकड्यांनीं तिकिटें काढण्यापेक्षां तें स्वस्त पडतें. कारण अंतर जसजसें वाढेल तसतसा रेल्वेचा दर उतरत जातो.

आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो या चक्री तिकिटाचा विमानांतला धाकटा भाऊ आहे; परंतु भाऊ असला तरी स्वभावानें फार निराळा. विमानकंपन्या आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकांना जे पॉइंट देतात, त्या पॉइंटांवर अनेक टप्प्यांचा प्रवास कसा जुळवावा, हा तो विषय. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि जन्मभर शाळेंत त्रैराशिक शिकविलेल्या माणसानें या विषयाला हात कां घालावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. या विषयांत विमान थोडें आणि त्रैराशिकच फार आहे.

हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा किंवा मोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांचा राहिलेला नाहीं. आपल्या नाशकांत गंगापूर रस्ता घ्या, कॉलेज रोड घ्या, इंदिरानगर घ्या. ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी परदेशीं नाहीं असें घर शोधावें लागतें. घरांत दोन म्हातारीं माणसें, भिंतीवर नातवंडांची छायाचित्रें, आणि रविवारीं मोबाइलवर अर्धा तास दर्शन. मग एखादे दिवशीं मुलगी म्हणते, "बाबा, माझ्याजवळ पॉइंट सांचले आहेत. तुम्ही आणि आई या." येथून गोंधळास आरंभ होतो. बाबांना वाटतें, मुलीचा पैसा खर्च होईल. आईला वाटतें, फुकटच्या तिकिटावर वाटेंत कोठें उतरवून तर देणार नाहींत ना? मुलीला नोकरींतून सवड नसते. अशा रीतीनें वर्ष जातें, पॉइंटांची मुदत संपते, आणि भेट राहून जाते. पैसा नसल्यामुळें राहिलेली भेट मनुष्य सोसतो. परंतु नियम न समजल्यामुळें राहिलेली भेट सोसण्याचें कांहीं कारण नाहीं.

प्रथम या टप्प्यांचा इतिहास थोडक्यांत पाहूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, ते अहमदाबादेस उतरून मुंबईस जुहूला आले. आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीवरून मद्रासेस नेलें. पुढें ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो आणि जिनीव्हा येथें उतरून गेलें. त्या काळीं मध्यें उतरणें ही प्रवाशाची हौस नव्हती, विमानाची गरज होती. पेट्रोल भरावयाचें असे, वैमानिकांस विश्रांति द्यावयाची असे. आज विमानें सोळा-सोळा तास न थांबतां उडतात. तरीहि प्रवासाचे टप्पे राहिलेच आहेत. कारण प्रत्येक कंपनी आपलें एक माहेरघर ठेविते आणि सर्व प्रवाशांना तेथें आणून तेथून दाही दिशांस पाठविते. मनमाड जंक्शनाचें जें महत्त्व आपल्या रेल्वेंत, तेंच फ्रँकफर्टचें, सिंगापूरचें आणि दोहाचें विमानांत.

आतां पॉइंटांकडे वळूं. अमेरिकेंत १९७८ सालीं विमानांच्या भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठलें. कंपन्यांत चढाओढ लागली आणि गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकावें म्हणून युक्त्या निघूं लागल्या. १ मे १९८१ रोजीं अमेरिकन एअरलाइन्सनें आपली योजना काढली: आमच्या विमानांतून जितके मैल प्रवास कराल तितके मैल आम्ही तुमच्या खातीं जमा करूं, आणि पुरेसे मैल झाले म्हणजे एक तिकीट देऊं. युनायटेडनें त्याच महिन्यांत तसेंच केलें, आणि मग ही चाल जगभर पसरली. आपल्याकडे एअर इंडियाची योजना आज ‘महाराजा क्लब’ या नांवानें चालते, आणि इंडिगोनें आपली ‘ब्लूचिप’ ही योजना २०२४ सालीं काढली.

पुढें एक मोठी गोष्ट घडली. १९९७ सालीं पांच कंपन्यांनीं मिळून ‘स्टार अलायन्स’ हा संघ स्थापिला. १९९९ सालीं ‘वनवर्ल्ड’ आणि २००० सालीं ‘स्कायटीम’ हे दुसरे दोन संघ निघाले. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजीं स्टार अलायन्समध्यें दाखल झाली. या संघांचा आपल्या दृष्टीनें अर्थ असा कीं, एका कंपनीकडे सांचलेले पॉइंट देऊन दुसऱ्या कंपनीच्या विमानांत बसतां येतें, आणि दोन-तीन कंपन्यांचे टप्पे एकाच तिकिटांत गुंफतां येतात. अनेक टप्प्यांच्या प्रवासाची किल्ली ती हीच.

परंतु किल्ली हातीं घेण्यापूर्वीं एक गोष्ट मनाशीं पक्की करावयास हवी. पॉइंट म्हणजे धन नव्हे. पॉइंट म्हणजे वचन. आणि तेंहि असें वचन कीं ज्याचें मोल देणारा ठरवितो, घेणारा नव्हे. आपल्या जुन्या पेढ्यांवर हुंडी चालत असे. हुंडीवर रक्कम लिहिलेली असे आणि ती रक्कम पेढीला मोजावी लागे. पॉइंटांच्या हुंडीवर रक्कमच लिहिलेली नसते. आज एका तिकिटाला ४०,००० पॉइंट मागितले आणि उद्यां ६०,००० मागितले, तर दाद मागावयास जागा नाहीं. कारण दर बदलण्याचा अधिकार कंपनीनें नियमांतच आपल्याकडे राखून ठेविलेला असतो. डेल्टा कंपनीनें २०१५ सालीं आपला पॉइंटांच्या दरांचा तक्ताच काढून टाकला. युनायटेडनें २०१९ सालीं आपल्या विमानांपुरतें तेंच केलें. तेव्हांपासून त्यांचा दर बाजारांतील भाजीसारखा रोज वरखालीं होतो.

आणि पेढीच बुडाली तर? किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ मध्यें उडावयाचीं थांबलीं, आणि तिच्या ‘किंग क्लब’च्या सभासदांचे मैल कागदावरच राहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजीं बंद पडली. तिची योजना निराळ्या कंपनीच्या हातीं असल्यामुळें सभासदांचे पॉइंट नाहींसे झाले नाहींत, योजनेचें नांव बदलून ‘इंटरमाइल्स’ असें झालें. परंतु ज्या विमानांसाठीं लोकांनीं ते जमविले होते तीं विमानेंच राहिलीं नाहींत. याच्या उलट, १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा एअर इंडियांत विलीन झाली तेव्हां तिच्या सभासदांचे पॉइंट नव्या घरीं नीट पोंचले. दैवाचा भाग दोन्हीकडे आहे. परंतु दैवाच्या भरंवशावर साठा करून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. धान्य कणगींत ठेवावें, सोनें पेटींत ठेवावें. पॉइंट मात्र कामापुरते जमवावे आणि काम निघतांच खर्च करावे.

आतां त्रैराशिकाकडे येऊं. पॉइंटांवरील तिकीट ‘फुकट’ असतें हा पहिला गैरसमज. विमानतळांचे कर रोख द्यावे लागतात, आणि पुष्कळ कंपन्या त्यावर आपला स्वतःचा अधिभारहि लावतात. म्हणून हिशेब असा करावा. समजा, एका तिकिटाची रोख किंमत ७०,००० रुपये आहे. तेंच तिकीट पॉइंटांवर घेतल्यास ६०,००० पॉइंट आणि शिवाय २२,००० रुपये रोख पडतात. सत्तर हजारांतून बावीस हजार वजा केले, अठ्ठेचाळीस हजार उरले. त्यांस साठ हजारांनीं भागिलें. एका पॉइंटाचें मोल झालें ८० पैसे. आतां तेच ६०,००० पॉइंट देऊन बँक १५,००० रुपयांचें भांडें किंवा घड्याळ देऊं करीत असेल तर तेथें पॉइंटाचें मोल होतें २५ पैसे. आणि एखाद्या हंगामांत तेंच तिकीट रोखीनें ४०,०००ला मिळत असेल, तर पॉइंट खर्च करून केवळ १८,००० रुपये वांचतात, म्हणजे मोल ३० पैसे; अशा वेळीं रोख देऊन पॉइंट राखावे हें बरें. हे आंकडे मीं उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु रीत हीच. हा हिशेब तिसरीं-चौथींतलें मूल करूं शकेल. तरी तो न करतां लोक नुसत्या ‘फुकट’ या शब्दाला भुलतात.

आतां टप्प्यांचे नियम. येथें दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेवावा. एक विमान-बदल आणि दुसरा मुक्काम. नाशिक रोडहून निघून मनमाडला उतरलों आणि पुढची गाडी पकडली, हा झाला बदल. मनमाडला उतरून चार दिवस मामांकडे राहिलों, हा झाला मुक्काम. विमानाच्या आंतरराष्ट्रीय प्रवासांत ही सीमा सामान्यतः चोवीस तासांची मानितात. चोवीस तासांच्या आंत पुढचें विमान पकडलें तर बदल. त्याहून अधिक राहिलों तर मुक्काम. बदलाला निराळे पॉइंट पडत नाहींत. मुक्कामाला मात्र प्रत्येक योजनेचा कायदा निराळा. कांहीं योजना मुक्काम मुळींच देत नाहींत आणि उतरलांत कीं तेथून पुढें नवें तिकीट धरतात. कांहीं योजना जातांयेतां मिळून एक मुक्काम देतात. एअर कॅनडाच्या ‘एअरोप्लॅन’ योजनेंत एका बाजूच्या प्रवासांत माणशीं ५,००० पॉइंट अधिक दिले कीं एक मुक्काम मिळतो. मात्र तो कॅनडांत किंवा अमेरिकेंत घेतां येत नाहीं.

यावरून एक उदाहरण जुळवूं. नाशिकच्या एका जोडप्याची कन्या टोरांटोस आहे आणि पुतण्या जर्मनींत आहे. कन्येजवळ एअरोप्लॅनचे पॉइंट आहेत. मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत लुफ्तान्साचें विमान, आणि फ्रँकफर्टहून टोरांटोपर्यंत एअर कॅनडाचें. दोन्ही कंपन्या एकाच संघांतल्या, म्हणून दोन्ही टप्पे एका तिकिटांत बसतात. फ्रँकफर्टला तीन तास बसून पुढें गेलीं तर एक हिशेब. चार दिवस पुतण्याकडे राहून गेलीं तर त्यावर माणशीं ५,००० पॉइंट. पुतण्याला भेटण्यासाठीं निराळा प्रवास करावयाचा तर जो खर्च आला असता त्याच्यापुढें हे पाच हजार पॉइंट कांहींच नव्हेत. आपल्या आत्याबाईंकडील भुसावळचा मुक्काम तो हाच. फक्त भुसावळ थोडें दूर गेलें आहे. मात्र मुक्काम करावयाचा तर त्या देशाचा व्हिसा हवा. आणि कांहीं देश तर नुसतें विमान बदलणाऱ्याजवळहि व्हिसा मागतात. हें तिकिटापूर्वीं पाहावें, तिकिटानंतर नव्हे.

असें तिकीट काढण्याचा क्रम कोणता? पॉइंटांवर देण्यासाठीं कंपनी प्रत्येक विमानांत थोड्याच जागा ठेविते. या जागा सामान्यतः प्रवासाच्या अकरा-बारा महिने आधीं उघडतात. कांहीं कंपन्या उरलेल्या जागा अगदीं शेवटच्या पंधरवड्यांतहि सोडतात. मे-जूनची सुटी, दिवाळी आणि नाताळ या दिवसांत त्या मिळणें कठीण. फेब्रुवारींत किंवा सप्टेंबरांत त्या मानानें सोपें. तारखेंत दोन-चार दिवस इकडेतिकडे करण्याची तयारी असावी. संपूर्ण प्रवास एकदम शोधावयास गेल्यास संगणक पुष्कळदां "जागा नाहीं" असें उत्तर देतो. म्हणून एकेक टप्पा निराळा शोधावा. आधीं लांबचा, समुद्रापलीकडचा टप्पा शोधावा, कारण दुर्मीळ तोच असतो. तो सांपडला कीं त्याच्या मागचा-पुढचा लहान टप्पा जुळविणें सोपें जातें. जोडप्याला जावयाचें असेल तर दोन जागा एकत्र मिळतात का हें पाहावें. एकाला जागा आहे म्हणून दुसऱ्यालाहि असेलच असें नाहीं. सर्व टप्पे निरनिराळे सांपडले आणि तरीहि संगणक ते एकत्र जोडूं देत नसेल, तर त्या योजनेच्या कार्यालयास दूरध्वनि करावा आणि तारीख व विमानाचा क्रमांक टप्प्याटप्प्यानें वाचून दाखवावा. आपण गृहपाठ करून बोलतों आहों हें ओळखलें कीं पलीकडचा मनुष्यहि मन लावून पाहतो.

येथें सर्वांत महत्त्वाची सूचना. हल्लीं बहुतेकांचे पॉइंट विमानांत बसून नव्हे, तर बँकेच्या क्रेडिट कार्डावर जमतात, आणि मग ते विमानकंपनीच्या योजनेंत पाठवितात. एकदां पाठविलेले पॉइंट बँकेंत परत येत नाहींत. म्हणून जागा आहे हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पॉइंट हलवूं नयेत. पॉइंट पोंचावयास कधीं कांहीं मिनिटें लागतात, कधीं कांहीं दिवस. तेवढ्यांत जागा गेली तर पॉइंट नको त्या घरीं अडकतात. नदीला उतार आहे कीं नाहीं हें पाहण्यापूर्वीं नांव जाळूं नये, एवढाच याचा अर्थ.

तिकीट हातीं आलें म्हणजे तें नीट वाचावें. सहा अक्षरांची जी खूण मिळते ती जागा राखल्याची खूण. खरें तिकीट म्हणजे तेरा आंकड्यांचा क्रमांक. त्याचे पहिले तीन आंकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०. हा तेरा आंकड्यांचा क्रमांक मिळेपर्यंत तिकीट झालें असें समजूं नये. नांव पारपत्रांतल्याप्रमाणेंच असावें. आपल्याकडे स्वतःचें नांव, वडिलांचें किंवा पतीचें नांव आणि आडनांव अशी तिहेरी रीत. त्यांत बायकांचें माहेरचें नांव एका कागदावर आणि सासरचें दुसऱ्यावर. पारपत्रावर जें आणि ज्या क्रमानें आहे, तेंच तिकिटावर हवें. पॉइंट मुलीच्या खातीं असले तरी आईबापांच्या नांवें तिकीट निघूं शकतें. परंतु कांहीं योजनांत त्यांचीं नांवें आधीं नोंदवावीं लागतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेंत अशीं पांच नांवें नोंदवितां येतात.

आतां आपल्या नाशिककरांची खास अडचण सांगतों. आपलें विमानतळ ओझरास. विमानाच्या भाषेंत त्याची खूण आय-एस-के. येथील इमारत २०१४ सालीं झाली. १९१७ नव्हे, २०१७ च्या डिसेंबरांत ‘उडान’ योजनेखालीं लहान विमानें सुरू झालीं, आणि मार्च २०२३ पासून इंडिगोचीं विमानें येऊं लागलीं. ही सोय मोठी आहे. परंतु इंडिगो त्या तिन्ही संघांपैकीं एकाहि संघांत नाहीं. म्हणून संघाच्या पॉइंटांवर काढलेल्या तिकिटांत ओझरचा टप्पा सहसा गुंफला जात नाहीं, तो निराळ्या तिकिटानें करावा लागतो. आणि निराळें तिकीट म्हणजे निराळी जबाबदारी. एकाच तिकिटांतील पहिलें विमान उशिरां पोंचलें तर पुढच्या विमानाची सोय करून देणें कंपनीचें काम असतें, आणि सामानहि बहुधा परभारें पुढें जातें. तिकिटें निराळीं असलीं तर पहिल्या विमानाचा उशीर दुसरी कंपनी ऐकूनहि घेत नाहीं; आपण आलों नाहीं असें लिहून ती मोकळी होते. म्हणून ओझरहून दुसऱ्या शहरीं जाऊन तेथून परदेशीं निघावयाचें तर मध्यें एक रात्र ठेवावी. मुंबईहून निघावयाचें तर मोटार आहेच. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटाची धास्ती कमी झाली आहे. तरीहि पावसाळ्यांत चार तास हाताशीं अधिक असावे.

दुसरा एक कायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. अनेक टप्प्यांच्या तिकिटांतील एक टप्पा आपण सोडला, तर त्याच्या पुढचे सर्व टप्पे रद्द होतात. रेल्वेंत नाशिक रोडचें तिकीट असून मनुष्य मनमाडला गाडींत बसला तर कदाचित् निभावून जाईल; विमानांत निभावत नाहीं. दिल्लीहून तिकीट असेल तर दिल्लीसच चढलें पाहिजे. बेत बदलला तर विमान सुटण्यापूर्वीं कंपनीस कळवावें. बहुतेक योजनांत थोडें शुल्क घेऊन तिकीट रद्द करतात आणि पॉइंट पुन्हां खातीं जमा करतात. न कळवितां घरीं बसलें तर मात्र दोन्ही जाण्याचा संभव फार.

या शेवटच्या नियमाचा एक मोठा फायदा आहे. आपल्याकडील पुष्कळशा आया परदेशीं जातात त्या मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठीं. त्या प्रवासाची तारीख ना आई ठरविते, ना कंपनी. ती निसर्ग ठरवितो. अशा वेळीं रोखीचें स्वस्त तिकीट बदलावयास गेल्यास पुष्कळदां जबर दंड पडतो. पॉइंटांवरील तिकीट थोड्या शुल्कांत बदलतां येत असेल, तर त्याची खरी किंमत त्या ८० पैशांच्या हिशेबाहून कितीतरी अधिक आहे. एकच प्रवास पॉइंटांवर करावयाचा असेल तर तो हा करावा, असें मी म्हणेन.

शेवटीं एक प्रश्न राहतो. हें सर्व देतो कोण? कोणतीहि पेढी तोट्यासाठीं बक्षिसें वाटीत नाहीं. विमानकंपन्या हे पॉइंट बँकांना विकतात. बँका ते आपणांस देतात. आणि त्यांचा खर्च दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनांतून आणि कर्जदारांच्या व्याजांतून भरून काढतात. हा धंदा किती मोठा आहे याची एकच साक्ष देतों. २०२० सालीं करोनाच्या साथींत विमानें जमिनीवर उभीं असतां युनायटेड कंपनीनें आपली ही योजना तारण ठेविली आणि तीवर ६८० कोटी डॉलर उभे केले. विमानें उभीं, पण पॉइंटांची पत चालू! यावरून आपण हें शिकावें कीं, पॉइंटांसाठीं खर्च करूं नये. जो खर्च होणारच आहे त्यावर पॉइंट मिळाले तर घ्यावे. कार्डाचें बिल वेळेवर पूर्ण न भरल्यास महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतें, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक. एवढें व्याज भरून जमविलेले पॉइंट म्हणजे सावकाराचें कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा. यात्रा घडते, पण घर गहाण पडतें.

श्रोतेहो, पॉइंटांचा लोभ नसावा, तशी त्यांची भीतिहि नसावी. ज्यांच्या घरीं असे पॉइंट सांचलेले आहेत त्यांनीं या रविवारीं मुलांशीं बोलतांना चार गोष्टी विचाराव्या: पॉइंट कोणत्या योजनेंत आहेत, किती आहेत, त्यांची मुदत केव्हां संपते, आणि ती योजना मुक्काम देते कीं नाहीं. उत्तरें एका कागदावर लिहून ठेवावीं, आणि पारपत्राची मुदतहि त्याच वेळीं पाहून घ्यावी. मुलांनींहि आईबापांना नुसतें "या" म्हणूं नये. टप्पे, वेळा, विमान बदलण्याचीं ठिकाणें आणि अडचणींत कोणाला दूरध्वनि करावा हें मराठींत, मोठ्या अक्षरांत लिहून धाडावें. म्हाताऱ्या माणसाला विमानाची भीति वाटत नाहीं. अनोळखी विमानतळावर आपण चुकूं याची भीति वाटते. ती भीति पॉइंटांनीं जात नाहीं, त्या कागदानें जाते.